आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (माहेरचे नाव यमुना, ३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या परदेशातील महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ या संस्थेतून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. ही पदवी घेतली. त्यांचे घराणे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणचे. एक हिंदू विवाहित स्त्री धर्मांतर न करता, पतीला मागे ठेवून समुद्रापलीकडच्या महाविद्यालयात शिकते, या घटनेने त्या काळी दोन्ही देशांत खळबळ उडाली. त्यांच्या चरित्राची ही बाजू सर्वपरिचित आहे. दोन देशांतील शिक्षणसंस्थांमध्ये करार किंवा परस्पर मान्यता असे काहीही नसताना हा प्रवेश कसा घडून आला, ही बाजू मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने तीही तितकीच महत्त्वाची आहे.

बालपण आणि विवाह

यमुनेचे वडील गणपतराव जोशी हे कल्याणमधील जुन्या जमीनदार घराण्यातील होते. कुटुंब जुन्या कल्याणातील पारनाका भागात राहत असे. यमुनेच्या जन्मापर्यंत घराण्याची पूर्वीची सुस्थिती बरीचशी ओसरली होती. गाव मात्र झपाट्याने बदलत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आली. पुढे तेथूनच घाटांच्या दिशेने दोन मार्ग फुटले. एके काळी खाडीवरचे बंदर म्हणून ओळखले जाणारे कल्याण रेल्वेचे जंक्शन झाले. रेल्वेबरोबर सरकारी नोकरही मोठ्या संख्येने आले. टपाल खात्यातील कारकून गोपाळराव विनायक जोशी हे त्यांपैकीच एक होते.

गोपाळराव मूळचे संगमनेरचे, विधुर आणि यमुनेपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. १८७४ मध्ये, यमुना नऊ वर्षांची असताना, हा विवाह झाला आणि तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले. पत्नीला शिकवायचे, हा गोपाळरावांचा निर्धार लग्नाआधीपासूनचा होता. त्यांची पद्धत कठोर होती, प्रसंगी क्रूरही होती. आनंदीबाईंनी पुढे पतीला लिहिलेल्या पत्रांत लहानपणी सोसलेल्या मारहाणीचा उल्लेख केला आहे आणि त्याच पत्रांत त्यांच्याविषयी कृतज्ञताही व्यक्त केली आहे. चरित्रकारांनी या दोहोंपैकी सोयीची एकच बाजू उचलण्याचा मोह अनेकदा केला आहे.

नोकरीतील बदल्यांबरोबर हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे बंगाल असे फिरत राहिले. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो दहा दिवसांतच दगावला. वैद्यकशास्त्र शिकण्याच्या निर्णयाचे मूळ या घटनेत असल्याचे चरित्रकार मानतात.

पत्रव्यवहार

अमेरिकेतील शिक्षणाचा विचार प्रथम कोल्हापूर येथे मांडला गेला. १८७८ मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमधील परिचितांमार्फत अमेरिकेला पत्र पाठवले. पत्नीच्या शिक्षणाची सोय आणि स्वतःसाठी तेथे काही काम, अशी त्यांची विनंती होती. हे पत्र रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर यांनी स्वतः कोल्हापुरात अनेक वर्षे मिशनचे काम केले होते आणि आता ते प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवत होते. त्यांनी उत्तरादाखल ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा विचार पुढे केला आणि गोपाळरावांनी तो नाकारला. हा सारा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला.

येथवर हा प्रयत्न फसलाच होता. परदेशात शिकण्याचा त्या काळी उपलब्ध असलेला जवळजवळ एकमेव संघटित मार्ग म्हणजे मिशन, आणि त्या मार्गाची अट या दांपत्याला मान्य नव्हती. १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात तो छापील पत्रव्यवहार आला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांनी तो अंक चाळला, असे सांगितले जाते. कार्पेंटरबाई कोणत्याही संस्थेच्या पदाधिकारी नव्हत्या, त्या एक सर्वसाधारण गृहिणी होत्या. त्यांनी थेट पत्र लिहून आपले घर आनंदीबाईंसाठी खुले असल्याचे कळवले. त्यानंतर सुमारे तीन वर्षे दोघींचा नियमित पत्रव्यवहार चालला. बालविवाह, सणवार, आहार, दोन्ही देशांतील स्त्रियांचे आरोग्य असे अनेक विषय त्यात आले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ मध्ये जागतिक टपाल संघात सामील झाला होता आणि त्यामुळे परदेशी पत्रांचे दर व व्यवस्था सुकर झाली होती. टपालातील कारकुनाच्या घरातून हा संबंध जुळावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. पत्र कोठे, कोणामार्फत व कसे पाठवावे आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे गोपाळरावांच्या रोजच्या कामाचे ज्ञान होते.

महाविद्यालयाची निवड

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाल्यावर तेथील थॉरबर्न या डॉक्टर दांपत्याने आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाचे नाव सुचवले. या संस्थेची स्थापना १८५० मध्ये झाली होती आणि स्त्रियांना पूर्ण वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या जगातील आरंभीच्या महाविद्यालयांत तिची गणना होते. १८६१ मध्ये स्थापन झालेले विमेन्स हॉस्पिटल विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिक शिक्षणासाठी उपलब्ध होते. रसायनशास्त्रज्ञ रेचेल बॉडली या १८७४ पासून महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या.

हिंदुस्थान या महाविद्यालयाला अपरिचित नव्हता. येथून १८६९ मध्ये पदवी घेतलेल्या क्लारा स्वेन १८७० मध्ये बरेलीला आल्या होत्या. हिंदुस्थानात आलेल्या त्या पहिल्या पदवीधर मिशनरी महिला डॉक्टर मानल्या जातात. याच महाविद्यालयाच्या पदवीधर ॲना कुग्लर १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्याच वर्षी, हिंदुस्थानात आल्या आणि त्यांनी पुढे गुंटूर येथे काम केले. म्हणजे फिलाडेल्फियाहून हिंदुस्थानात डॉक्टर येण्याची वाट आधीच तयार होती. हिंदुस्थानातून तेथे विद्यार्थिनी जाण्याची वाट नव्हती. आनंदीबाईंनी ही दिशा उलटवली आणि तीही मिशनची विद्यार्थिनी न होता.

मायदेशातील पर्याय त्या वेळी मर्यादित होते. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे स्त्रियांसाठी १८८३ मध्ये उघडत होती. इतरत्र प्रामुख्याने सुईणींचे वर्ग चालत.

श्रीरामपूर येथील भाषण

परदेशगमनाची बातमी पसरल्यावर हिंदू समाजातून टीका सुरू झाली आणि ख्रिस्ती परिचितांकडून धर्मांतराचा आग्रहही चालू राहिला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात तेच घेऊन त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का जायचे, हिंदुस्थानात सोय नाही काय, एकटीने का जायचे, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, संकट आले तर काय, आणि आजवर कोणी स्त्रीने न केलेले आपणच का करायचे, असे ते प्रश्न होते. स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री डॉक्टरांची गरज त्यांनी मांडली. देशातील उपलब्ध शिक्षण अपुरे असून शिकवणारे पुराणमतवादी असल्याचे त्या म्हणाल्या. आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी स्पष्ट केले.

भाषणाची जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापलेल्या या महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला होता, कारण श्रीरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती. याच गावातून कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून निघाले होते. एका देशाच्या राजाने दुसऱ्या खंडातील महाविद्यालयाला पदवीचा अधिकार द्यावा, ही व्यवस्था आनंदीबाईंच्या भाषणाच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधीची होती. तिचा लाभ मात्र त्यांच्यासारख्या विद्यार्थिनीला होणारा नव्हता.

भाषणाच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या आणि आर्थिक मदत येऊ लागली. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी एच. ई. एम. जेम्स यांनी निधी गोळा करण्यात पुढाकार घेतला. आनंदीबाईंनी आपले दागिनेही विकले.

प्रवास आणि प्रवेश

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई थॉरबर्न दांपत्याच्या परिचयाच्या महिलांसोबत कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजाने निघाल्या. रजा आणि पैसा या दोन्हींच्या अडचणीमुळे गोपाळराव मागे राहिले. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. बंदरावर कार्पेंटरबाई त्यांना घेण्यासाठी आल्या होत्या. तोवर दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते.

महाविद्यालयातील प्रवेश अद्याप निश्चित नव्हता. २८ जून १८८३ रोजी रोझेलहून त्यांनी महाविद्यालयाच्या कार्यकारी समितीचे सचिव आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. हे पत्र जतन झालेले आहे. त्यात त्यांनी वय, प्रकृती, आजवरचे शिक्षण आणि अवगत भाषा यांची माहिती दिली. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी आपण होऊन सांगितले आणि आपले प्रकरण अपवादात्मक मानून विचार व्हावा, अशी विनंती केली. पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत देणे हा हेतू त्यांनी नमूद केला, आणि साधनांच्या अभावाचा उल्लेख करून सवलतही मागितली.

आजच्या परिभाषेत हा समकक्षतेचा प्रश्न होता. आनंदीबाईंकडे मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. त्यांचे शिक्षण बहुतांशी घरी आणि काही काळ मिशनच्या शाळांत झाले होते. त्यांची पात्रता मोजण्यासाठी महाविद्यालयाजवळ कोणताही परदेशी दाखला, गुणपत्रिका किंवा तक्ता नव्हता. त्यांच्यासमोर अर्जदाराने स्वतः लिहिलेले इंग्रजी पत्र आणि तिची बाजू घेणारे परिचित होते. महाविद्यालयाने प्रवेश मान्य केला आणि शिष्यवृत्तीही दिली. या निर्णयात अधिष्ठाता बॉडली यांचा वाटा मोठा होता. ऑक्टोबर १८८३ मध्ये आनंदीबाईंचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला.

विद्यार्थिदशा

फिलाडेल्फियातील वास्तव्य शरीराला मानवणारे नव्हते. कडाक्याची थंडी, ओलसर खोली, स्वतः शिजवायचा शाकाहारी स्वयंपाक आणि परंपरागत पोशाख सोडायचा नाही हा आग्रह, या सर्वांचा प्रकृतीवर परिणाम झाला. पुढे त्यांनी नऊवारीऐवजी अंग अधिक झाकणारी गुजराती पद्धतीची साडी वापरायला सुरुवात केली. मध्यंतरी घटसर्पाचा आजार झाला आणि त्यानंतर प्रकृती पूर्ववत झाली नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. त्यात साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि सिरियातील पोशाखातील सबात इस्लामबुली एकत्र दिसतात. ओकामी यांनी १८८९ मध्ये, तर इस्लामबुली यांनी १८९० मध्ये पदवी घेतली. आपले महाविद्यालय आता सर्व जगाचे झाले आहे, असे सांगण्याचा संस्थेचा प्रयत्न या चित्रात दिसतो, आणि त्यात काही अंशी प्रदर्शनाचा भागही आहे. तथापि ज्यांच्यासाठी मायदेशी दारे बंद होती अशा तीन स्त्रियांना पदवी देणारी ती संस्था होती, ही वस्तुस्थिती उरतेच.

पदवीसाठी आनंदीबाईंनी ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर प्रबंध लिहिला. त्यात संस्कृत वैद्यकग्रंथांतील माहितीबरोबर अमेरिकेतील तत्कालीन पाठ्यपुस्तकांचाही आधार होता. पाश्चात्त्य महाविद्यालयात शिकायला गेलेल्या विद्यार्थिनीने आपल्या देशातील ज्ञानपरंपरा अभ्यासविषय म्हणून परीक्षकांसमोर ठेवली आणि त्यांनी ती स्वीकारली, हा या शिक्षणातील देवाणघेवाणीचा सर्वांत ठळक पुरावा होय.

१८८५ मध्ये गोपाळराव ब्रह्मदेश, चीन, जपान असा प्रवास करत अमेरिकेत आले. अमेरिकन समाज आणि मिशनरी यांच्यावर टीका करणारी त्यांची व्याख्याने आनंदीबाईंच्या हितचिंतकांना अडचणीची वाटली. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित राहिल्या. समारंभाचा वृत्तांत बॉडली यांनी व्हिक्टोरिया राणीला पाठवला आणि त्याची दखलही घेतली गेली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे शिक्षण पूर्ण केले. त्यामुळे पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो. एकीने परदेशी आणि दुसरीने स्वदेशी महाविद्यालयातून एकाच वर्षी पात्रता मिळवली, एवढे लक्षात घेतले की या वादात फारसा अर्थ राहत नाही.

कोल्हापूरची नियुक्ती आणि मृत्यू

पदवीनंतर आनंदीबाईंनी बोस्टन येथील न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये अल्पकाळ अनुभव घेतला. याच सुमारास कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमले. हे रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. आठ वर्षांपूर्वी ज्या कोल्हापुरातून पहिले पत्र गेले होते, तेथेच परदेशी पदवीला काम मिळत होते. परदेशात घेतलेले शिक्षण देशात कोण मान्य करणार, या प्रश्नाचे उत्तर येथे विद्यापीठाने दिले नाही. ते एका संस्थानाने दिले.

ऑक्टोबर १८८६ मध्ये पतिपत्नी न्यूयॉर्कहून निघाली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईत उतरली. बहिष्काराची भीती होती, पण प्रत्यक्षात ठिकठिकाणी स्वागत झाले. क्षयाने मात्र तोवर शरीर पोखरले होते. कोल्हापूरचा कार्यभार त्या कधीच स्वीकारू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास तेव्हा एक महिना उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाशी संबंधित जागेत त्या ठेवल्या आहेत. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद तेथील शिलेवर आहे.

मृत्यूनंतरचे संबंध

आनंदीबाईंनी एकाही रुग्णावर मायदेशात डॉक्टर म्हणून उपचार केले नाहीत, या कारणाने त्यांचे कार्य प्रतीकात्मक मानण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. त्यांच्यामुळे जुळलेले संबंध त्यांच्या मृत्यूबरोबर संपले नाहीत. पदवीदानासाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेतच राहिल्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झालेले ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला बॉडली यांची प्रस्तावना आहे. या पुस्तकाने आणि रमाबाईंच्या व्याख्यानांनी बोस्टनमध्ये त्यांच्या कार्याला मदत करणारी संस्था उभी राहिली. तिच्या निधीतून मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, शारदासदन सुरू झाले.

फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयातून गुरुबाई करमरकर यांनी १८९२ मध्ये पदवी घेतली आणि अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. त्यांचा मार्ग मात्र मिशनमधूनच गेला. मिशनच्या आधाराविना प्रवेश मिळवण्याची आनंदीबाईंची वाट नियमित झाली नाही. तिच्यामागे संस्था नव्हती. बॉडली १८८८ मध्ये वारल्या आणि कार्पेंटरबाईंच्या घराला पर्यायी व्यवस्था उभी राहिली नाही. गोपाळराव तर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानाच्या प्रकरणाचे सूत्रधार म्हणून नव्याच वादात सापडले.

चरित्रे आणि कागदपत्रे

कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टन येथे प्रसिद्ध झाले. पाठोपाठ काशीबाई कानिटकर यांनी मराठीत चरित्र लिहिले. मराठीत स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या चरित्रांत त्याचा समावेश होतो. सर्वसाधारण मराठी वाचकाच्या मनातील प्रतिमा मात्र श्री. ज. जोशी यांच्या १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने घडवली. तिच्यावरून नाटक झाले, आणि २०१९ मध्ये समीर विद्वांस दिग्दर्शित मराठी चित्रपटही आला. कादंबरीचा भर पतिपत्नीच्या नात्यावर असल्याने कार्पेंटरबाई आणि बॉडली या वाचकांच्या लेखी दुय्यम पात्रे ठरल्या. अंजली कीर्तने यांनी कागदपत्रांच्या आधारे लिहिलेल्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व’ या ग्रंथाने, तसेच मीरा कोसंबी यांच्या पत्रसंग्रहाधारित इंग्रजी अभ्यासाने हे चित्र अधिक पूर्ण केले. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे.

फिलाडेल्फियाचे महाविद्यालय १९७० मध्ये पुरुषांसाठीही खुले झाले. पुढील विलीनीकरणांनंतर ते आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे. १८८३ चे प्रवेशपत्र आणि १८८५ चे छायाचित्र तेथील अभिलेखागारात असून अभ्यासकांसाठी ती महाजालावर खुली करण्यात आली आहेत.